चाळणी तुमची, वर्ष मुलाचं

दहावीचा निकाल लागला की कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, सगळीकडे फ्लेक्स झळकतात: ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’. फ्लेक्सवर मुलांचे फोटो असतात, टक्के असतात, संस्थाचालकांचे जोडलेले हात असतात. त्या शाळेत दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुलं होती, हे मात्र कुठल्याच फ्लेक्सवर नसतं. नववीत गाळायचं, पालकांना बोलावून ‘दाखला काढून घ्या, बाहेरून बसवा’ असं समजावायचं आणि पोराला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, ही युक्ती नाशिकला नवी नाही आणि बाकी महाराष्ट्रालाही नाही. सगळ्यांना माहीत असते, कागदावर कुठेच नसते.

खासगी संस्थांचं हे गणित एक वेळ समजतं. त्यांना पुढच्या वर्षीचे प्रवेश हवे असतात. पण सरकारने स्वतःच्या पैशाने चालवलेली, स्वतः परीक्षा घेऊन मुलं निवडलेली शाळा जेव्हा मागे पडणाऱ्या मुलाला त्याच वर्गात बसवू पाहते, तेव्हा प्रश्न वेगळा होतो. त्याच प्रश्नाबद्दल मला बोलायचं आहे. नापास करावं की वर ढकलावं, हा वाद आपण सरसकट सगळ्या शाळांसाठी घालतो. जिल्हा परिषदेच्या शाळेला आणि नवोदयला, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या केंद्राच्या निवासी शाळेला, एकाच मापाने मोजतो. माझं म्हणणं असं की निवडक, म्हणजे मुलं निवडून घेणाऱ्या, सरकारी शाळेला नापास करण्याचा अधिकार इतर शाळांपेक्षा कमी असायला हवा. तिने मूल निवडलेलं असतं. बाकीच्या शाळांच्या पदरात जे पडेल ते असतं.

आधी कायद्याचं थोडं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमाने आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवायला बंदी घातली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती सैल केली. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची, नापास झालेल्याला जादा शिकवणी द्यायची, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे संबंधित सरकारने ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ही परीक्षा आणली. ‘ढकलगाडी बंद’ अशा मथळ्यांनी तेव्हा वर्तमानपत्रं भरली होती. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपले नियम बदलले, आणि केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं, सैनिकी शाळा अशा केंद्राच्या तीन हजारांहून जास्त शाळांना हे लागू झालं. नवोदय सहावीपासून सुरू होतं, त्यामुळे पाचवीचा प्रश्न तिथे उद्भवत नाही. तिथे घाव बसतो तो आठवीत. नववी आणि अकरावीला तर कायद्याचं हे छत्र कधीच नव्हतं.

नाशिक जिल्ह्याचं नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. आजूबाजूला द्राक्षबागा. शहरात राहणाऱ्या बऱ्याच जणांना ते कुठल्या रस्त्याला आहे हेही ठाऊक नसतं, पण सुरगाणा, पेठ, चांदवड, नांदगावच्या गावांमध्ये ‘नवोदयला लागला’ हे वाक्य लग्न ठरल्यासारखं गावभर फिरतं. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून ही शाळांची साखळी उभी राहिली. पहिल्या दोन प्रायोगिक शाळांपैकी एक आपल्याच राज्यात, अमरावतीला होती. कल्पना साधी होती: खेड्यातल्या हुशार मुलाला घरच्या परिस्थितीमुळे चांगलं शिक्षण नाकारलं जाऊ नये. म्हणून किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. एका तुकडीत चाळीस, एका वर्षी जास्तीत जास्त ऐंशी मुलं.

ती ऐंशी मुलं कशी निवडतात ते पाहा. दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर गुण. त्यात निम्मे प्रश्न बौद्धिक चाचणीचे: वेगळी आकृती ओळखा, आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा कोणती. अंकगणिताचे वीस, भाषेचे वीस. पर्याय निवडून गोल काळे करायचे. ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीत पुन्हा बसलेल्याला ती बंद. शिक्षण हक्क कायदा इतर शाळांना प्रवेशासाठी चाळणी लावू देत नाही. नवोदयला ती लावण्याची खास सूट आहे. सवलत घेतली म्हणजे तिच्याबरोबर काही येणं आलं. ही चाळणी शाळेने लावली, छिद्रं किती मोठी ठेवायची ते तिनेच ठरवलं. आता वर राहिलेल्या मुलाला दोन वर्षांनी ‘तू इथला नाहीस’ म्हणायचं असेल तर एकतर चाळणी चुकली किंवा शिकवणं. दोन्ही बाबतीत वर्ष मुलाचं का जावं?

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. जागा मोजक्या आहेत, जनतेचा पैसा आहे, आणि बाहेर प्रतीक्षा यादीत एखादी मुलगी बसली आहे जिने या जागेचं सोनं केलं असतं. जमत नसलेल्या मुलासाठी तिला का डावलायचं? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण व्यवहारात काय होतं? सातवी-आठवीत कुणी शाळा सोडली तर ती जागा त्या प्रतीक्षा यादीतल्या मुलीला मिळत नाही. तिचं वय पुढे गेलेलं असतं, यादी कधीच संपलेली असते. रिकाम्या जागा भरायला नववीत वेगळी प्रवेश परीक्षा आहे, तोवर ती खाट मोकळी. मुलाला काढून आपण कुणाला काही दिलेलं नसतं.

आणि शेवटच्या क्रमांकाने आत आलेला आणि एका गुणाने बाहेर राहिलेला, यांच्यात फरक असतोच किती? अमेरिकेत बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये अशाच प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळा आहेत. त्यांच्या प्रवेशरेषेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जेमतेम आत गेलेल्यांची पुढची गुणवत्ता आणि जेमतेम बाहेर राहिलेल्यांची गुणवत्ता यांत संशोधकांना फारसा फरक सापडला नाही. म्हणजे नावाजलेल्या शाळेच्या फाटकातून आत गेल्याने मूल आपोआप घडत नाही. आत काय शिकवलं जातं, कुणाला, कुठल्या टप्प्यापासून, यावर ते ठरतं. आपल्याकडे मात्र नवोदयला नंबर लागला की आईबापांची आणि गुरुजींची दोघांचीही समजूत असते की आता काम झालं.

मी सुट्टीत मखमलाबादकडच्या एका घरात काही मुलांना गणित शिकवतो. शाळा वेगवेगळ्या, बहुतेकांची वसतिगृहाची. त्यात एक सातवी संपलेला मुलगा होता. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही. परीक्षा देऊन निवडलेला, आकृत्यांच्या प्रश्नांत पैकीच्या पैकी असावेत असा तल्लख. त्याची वही उघडली तर पानभर लाल फुल्या. पहिलंच उदाहरण: ३/४ + १/२ = ४/६. वर वर, खाली खाली मिळवलेलं. खालची सगळी उदाहरणं त्याच पद्धतीने सोडवलेली, एकही अपवाद नाही. पानाच्या तळाशी शेरा होता, ‘अभ्यास कर’. आता या मुलाने अभ्यास केला नव्हता असं कोण म्हणेल? त्याने एक नियम स्वतः बनवला होता आणि तो प्रामाणिकपणे पाळला होता.

मी त्याला चौकटीच्या वहीत बारा घरांची पट्टी काढायला सांगितली. तीन चतुर्थांश म्हणजे किती घरं? नऊ रंगवली. खाली दुसरी पट्टी, तिच्यात तुझं उत्तर रंगव. चार षष्ठांश म्हणजे आठ. तो बराच वेळ दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, मिळवून कमी कसं झालं?’ हा प्रश्न विचारणारा मुलगा मठ्ठ नाही. निवड चाचणीने त्याच्यात जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त चौथी-पाचवीत त्याच्या गावच्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळत होते, अपूर्णांक घाईत उरकले गेले, आणि पर्यायांच्या परीक्षेत ती फट दिसली नाही. निवडणाऱ्या शाळेने सहावीत आल्या आल्या ती शोधली असती तर एका महिन्याचं काम होतं. तिने ती शोधली नाही, पुढचा धडा सुरू केला आणि दोन वर्षं फुल्या मारल्या.

अशा मुलाला पुन्हा सातवीत किंवा आठवीत बसवलं तर काय होईल? तेच पुस्तक, तोच वेग, त्याच फुल्या. त्याची फट पाचवीतली आहे, आठवी दुसऱ्यांदा केल्याने ती भरत नाही. नापास करण्याच्या बाजूने बोलणारे लोक ‘पाया कच्चा आहे’ असं म्हणतात आणि उपाय म्हणून वरचा मजला दोनदा बांधायला सांगतात.

नवोदयच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. या शाळांमध्ये सातवी-आठवीपर्यंत शिकवण्याचं माध्यम प्रादेशिक भाषा असतं. आपल्याकडे मराठी. त्यानंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीत, सामाजिक शास्त्र हिंदीत. कालपर्यंत जो अंश-छेद होता तो आज न्यूमरेटर-डिनॉमिनेटर. पेठच्या पाड्यावरून आलेल्या, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीच शाळेत शिकलेली भाषा असते. त्यावर इंग्रजी आणि हिंदी एकदम येतात. शिवाय नववीत एका तुकडीतली साधारण तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवली जातात. राष्ट्रीय एकात्मतेचा हा प्रयोग मला मनापासून आवडतो. पण वेळापत्रक नीट बघा. भाषेचा बदल ज्या उंबरठ्यावर, नापास करण्याचा अधिकारही नेमका त्याच उंबरठ्यावर. शाळा स्वतःच मुलाच्या पायाखालची जमीन हलवते आणि लगेच विचारते, नीट उभा का राहत नाहीस?

आठवीतच अडवणं सगळ्यात महाग पडतं, असंही दिसून आलेलं आहे. शिकागोच्या सरकारी शाळांनी १९९६ मध्ये वर ढकलणं बंद केलं. तिसरी, सहावी आणि आठवीला परीक्षा, नापास झाल्यास उन्हाळी वर्ग, तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात. पुढे संशोधकांनी तिथल्या मुलांचा माग काढला. लहान वयात मागे ठेवलेल्यांच्या शाळा सोडण्याच्या प्रमाणावर फारसा परिणाम दिसला नाही. आठवीत मागे ठेवलेल्या कमकुवत मुलांमध्ये शाळा सोडण्याचं प्रमाण मात्र चांगलंच वाढलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धाकट्यांच्या वर्गात बसवल्यावर काय होतं हे सांगायला खरं तर शिकागोची गरज नाही. आपल्या कुठल्याही गावातल्या माध्यमिक शाळेच्या हेडमास्तरांना विचारा.

वसतिगृहाच्या शाळेत तर ते दुप्पट. गावातल्या शाळेत नापास झालेला मुलगा संध्याकाळी आपल्याच सवंगड्यांबरोबर क्रिकेट खेळतो. निवासी शाळेत त्याच्या तुकडीबरोबर त्याचं सगळंच सरकतं: जेवणाची रांग, अभ्यासिकेतली जागा, झोपायची खोली. नवोदयमध्ये मुलांची अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी घरं असतात, त्यातही धाकट्यांची वेगळी आणि मोठ्यांची वेगळी. मागे राहिलेला मुलगा मोठ्यांत जाणार की धाकट्यांतच राहणार? असा एक जण वर्षभर चोवीस तास ‘नापास’ म्हणून वावरतो, त्याला घरी जाऊन रडण्याचीही सोय नसते. बाप शनिवारी येतो, गादी गुंडाळतो, पेटी उचलतो आणि दाखला घेऊन जातो. कायदा म्हणतो की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कुणाला काढून टाकता येणार नाही. कुणी काढलेलं नसतंच. मूल ‘पालकांच्या विनंतीवरून’ गेलेलं असतं.

आता दुसरी बाजू. ढकलपास ही फसवणूक होती, हे मी नाकारत नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. कागदावर ते उत्तम होतं: आकारिक (वर्षभर चालणारं), संकलित (सत्राच्या शेवटचं), अ-१ पासून ई-२ पर्यंत श्रेणी, आणि मागे राहिलेल्याला जादा मार्गदर्शन. प्रत्यक्षात काय झालं, तर वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. ‘सहकार्याची भावना दिसते’, ‘गणनात प्रगती होत आहे’, अशी वाक्यं रजिस्टरात उतरवून काढली गेली. चाळीस-पन्नास मुलांच्या नोंदी, शिवाय पोषण आहाराचे हिशेब, निवडणूक, सर्वेक्षणं हे सगळं करणाऱ्या शिक्षकाला मी दोष देणार नाही. पण परिणाम झाला तो झाला. वाचता न येणारी मुलं आठवीत पोचली, आणि ‘नापास करू नका’चा अर्थ ‘बघू नका’ असा झाला. काही न समजता वर्गात बसून राहणं ही शिक्षाच आहे. ती रोज भोगावी लागते आणि कुणाला दिसत नाही. म्हणून जेव्हा एखादे अनुभवी शिक्षक म्हणतात, ‘अहो, निदान नापास केलं तर घरच्यांना कळतं तरी’, तेव्हा त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही.

फक्त, त्या युक्तिवादातला भीतीचा भाग निवडक शाळेला लागू पडत नाही. ‘नापास होण्याची धास्ती नसली की पोरं अभ्यास करत नाहीत’, हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकू येतं. इतर ठिकाणी त्यात काही तथ्य असेलही. पण जो मुलगा गावच्या शाळेत कायम पहिला होता आणि इथे ऐंशीत सत्तरावा आहे, त्याच्यात धास्तीची काय कमतरता? गावात त्याच्या नावाचा सत्कार झालेला असतो, सरपंचांच्या हस्ते शाल मिळालेली असते. सुट्टीला घरी गेल्यावर ‘कितवा आलास?’ हा पहिला प्रश्न असतो. त्याला अजून घाबरवून अपूर्णांक येणार नाहीत.

सरकार गरीब मुलांना एका बाजूने हात देतं आणि दुसऱ्या बाजूने तो काढून घेतं, याचं एक उदाहरण नवोदयबाहेरही आहे: एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा देऊन मिळते, वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पण नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात गेलं पाहिजे, नाहीतर बंद. म्हणजे ज्या वर्षी मुलाला शिकवणीची, पुस्तकांची, थोड्या उसंतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी पैसे थांबतात. शिष्यवृत्ती म्हणून तिला अट असावी हे मान्य, पण नापास होण्याची किंमत गरिबाला दुप्पट पडते हे नजरेआड करता येत नाही.

मग करायचं काय? मुलाला वर पाठवा, पण विषयाला वर पाठवू नका. आठवीतला मुलगा आपल्या तुकडीबरोबरच पुढे जाईल, आपल्या सोबत्यांबरोबर जेवेल-झोपेल, आणि गणिताच्या तासाला जिथे अडलंय तिथून शिकेल. यासाठी सहावी ते आठवीचे गणिताचे तास एकाच वेळी ठेवावे लागतील, म्हणजे मुलं वर्ग ओलांडून गटात बसू शकतील. दिवसाच्या शाळेत हे जिकिरीचं आहे. निवासी शाळेत नाही. तिथे सकाळ-संध्याकाळ देखरेखीखालचे अभ्यासाचे तास असतात, शिक्षक आवारातच राहतात. खेडगावला जे शक्य आहे ते सुरगाण्याच्या एकशिक्षकी शाळेकडून मागणं अन्याय ठरेल. पण आपण हा फरक करत नाही. ज्या शाळेकडे सगळ्यात जास्त साधनं आहेत तिलाही नापास करायची तेवढीच मुभा देतो, जेवढी जिच्याकडे काही नाही तिला.

आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांबाबत हे अधिकच निकडीचं आहे. जिथे आदिवासी लोकसंख्या निम्म्याहून जास्त आणि किमान वीस हजार असेल त्या प्रत्येक तालुक्यात एकलव्य शाळा, असं केंद्राने २०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. आपल्या जिल्ह्यातले पश्चिमेचे तालुके त्यात सहज बसतात, आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाचं आयुक्तालयच नाशिकला आहे. याही शाळा सहावी ते बारावी, याही चाचणी घेऊन मुलं निवडणाऱ्या, आणि अभ्यासक्रम सीबीएसईचा. घरातली पहिली शिकणारी पिढी, घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी, पुस्तकाची तिसरीच. तिथे नापासाची टक्केवारी हा मुलांचा निकाल म्हणून वाचणार की शाळेचा?

नाशिकला याची परंपरा नाही असंही नाही. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला तो खेड्यातल्या मुलांच्या बोर्डिंगमधून. शहरात शिकायला आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला आधी राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण दिलं की तो शिकेल, हा त्यामागचा हिशेब होता. आज जागा आणि जेवण सरकार देतं. शिकवण्याचा हिशेब तेवढा मुलावर सोडतं.

फेरपरीक्षेच्या दोन महिन्यांचं तर हसू येतं. नियमात ‘जादा शिकवणी’ लिहिलेली आहे. पण वार्षिक निकाल लागतो तो उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. वसतिगृह रिकामं होतं, मुलं घरी जातात. पेठ-सुरगाण्याच्या मुलाच्या घरी जूनमध्ये नांगरणी आणि राब, म्हणजे भाताची रोपं तयार करणं, पुढे आवणी, म्हणजे त्या रोपांची लावणी. आईवडील दिंडोरी-निफाडच्या बागांवरून कामं संपवून नुकतेच परतलेले. या दोन महिन्यांत त्याला न्यूमरेटर-डिनॉमिनेटर कोण शिकवणार? नाशिक शहरातल्या मुलाला क्लास लागतो, तो पास होतो. मग फेरपरीक्षेत पाहिलं काय, मूल की त्याचं घर?

कधीच कुणाला त्याच वर्गात ठेवू नये, असा माझा हट्ट नाही. लांबलेलं आजारपण असतं, घरात मृत्यू झालेला असतो, अर्धं वर्ष बुडालेलं असतं. तिथे मूल आणि पालक स्वतः म्हणाले की आम्हाला हे वर्ष पुन्हा हवंय, तर जरूर द्यावं, आणि त्या वर्षाची खाट, जेवण, शिष्यवृत्ती सगळं चालू ठेवावं.

आता नियम बदलून घेणं आपल्या हातात नाही, दिल्लीत जे ठरलं ते ठरलं. पण त्याच नियमांत एक कलम आहे ज्याचा कुणी फारसा उल्लेख करत नाही. मागे ठेवलेल्या प्रत्येक मुलाची यादी मुख्याध्यापकांनी ठेवायची, त्याची नेमकी अडचण कुठे आहे ते वर्गशिक्षकांनी शोधायचं, पालकांनाही मार्गदर्शन करायचं, आणि मुख्याध्यापकांनी जातीने लक्ष घालून प्रगती पाहायची. ही यादी मुलांची नावं झाकून पालकसभेपुढे ठेवावी. सहावीत किती आले, दहावीला किती बसले, मधले किती गेले आणि कुठे गेले, हे प्रत्येक निवडक सरकारी शाळेने दरवर्षी जाहीर करावं. खेडगावच्या शाळेने करावं, एकलव्यने करावं, देवळाली आणि ओझरच्या केंद्रीय विद्यालयांनीही करायला हरकत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून हे आकडे मागता येतात. जिल्ह्यातल्या पालक संघांनी आणि पत्रकारांनी येत्या निकालाआधी ते मागावेत, आणि आठवीत अडवलेल्या प्रत्येक मुलामागे एकच गोष्ट विचारावी: याच्या सहावीच्या पहिल्या सत्रात तुम्हाला काय आढळलं होतं, आणि त्यावर तुम्ही काय केलंत?